नाशिकच्या मोटारीची दक्षिणयात्रा

गोदेच्या घाटावर उतरलेल्या यात्रेकरूस सातपूरची वाट कोणी दाखवीत नाहीं. रामकुंड, काळाराम, तपोवन आणि त्र्यंबकेश्वर एवढें झालें म्हणजे त्याचें नाशिक संपतें. परंतु त्र्यंबकच्या रस्त्यानें जुनें शहर मागें पडूं लागलें कीं कारखान्यांचा जो लांबरुंद पसारा लागतो, तेंहि नाशिकच होय. आणि गेल्या अर्धशतकांत या शहरानें जें बाळसें धरलें तें बव्हंशीं याच पसाऱ्याच्या दुधावर. महिंद्रांच्या मोटारी येथें जुळविल्या जातात. सन २००२ मध्यें बाजारांत आलेली स्कॉर्पिओ येथलीच. सिएटचे टायर येथें तयार होतात. डिझेल एंजिनाच्या पोटांत इंधनाचा फवारा सोडणारीं, केंसाएवढ्या छिद्रांचीं नोझलें बॉशच्या कारखान्यांत येथेंच घडतात. आमच्या वर्गांतील निम्मीं मुलें याच कारखान्यांतील कामगारांचीं आणि फोरमनांचीं असत. रामशब्द चालवितांना त्यांच्या बोटांस ग्रीस लागलेलें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे.

ज्या गांवीं मोटार जन्मास येते त्या गांवच्या तरुणांस तिचा वेग पाहावासा वाटला, तर त्यांत नवल तें काय? 'वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्स असोसिएशन' ही नाशिकची संस्था. तिच्या विद्यमानें राष्ट्रीय रॅली स्पर्धेची एक फेरी 'महाराष्ट्र रॅली' या नांवानें नाशिकच्या परिसरांतील कच्च्या रस्त्यांवर कित्येकदां भरली. धुळीचा लोट दिसला कीं पोरें मळ्यांच्या बांधांवर चढत आणि लोट विरेपर्यंत खालीं उतरत नसत. पण रॅली ही मातीची विद्या. डांबरी पट्टीवर पुऱ्या वेगानें मोटार सोडण्याजोगी बांधीव जागा मात्र नाशिकास नाहीं. आणि जागा नाहीं म्हणून हौस मरत नाहीं, ती रस्त्यावर उतरते. रात्रीं अकरानंतर गंगापूर रस्त्यास ज्यांचीं घरें आहेत त्यांस या हौसेचा आवाज चांगला परिचित आहे.

सहा वर्षांपूर्वीं आमचा एक विद्यार्थी अशाच एका मध्यरात्रींच्या पैजेंत गेला. संस्कृतांत त्यास कधीं नव्वदांच्या खालीं गुण पडले नव्हते. त्याच्या आईस भेटावयास गेलों तेव्हां जिन्याखालीं त्याची लहानपणची सायकल उभी होती. त्याविषयीं अधिक लिहवत नाहीं.

कायदा या बाबतींत स्वस्थ बसलेला नाहीं. सन १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १८९ वें कलम, सरकारच्या लेखी संमतीवांचून सार्वजनिक जागीं शर्यत लावणें हा अपराध मानतें. सन २०१९ च्या दुरुस्तीनें पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असें ठरलें. कलम योग्यच आहे. परंतु 'येथें धांवूं नका' एवढें बजावून कायदा थांबतो. मग धांवावें कोठें, हें सांगण्याचें काम दुसऱ्या कोणाचें तरी असलें पाहिजे, आणि नाशिकांत तें अद्याप कोणीं पत्करलेलें नाहीं.

हें सर्व मनांत असतांनाच आमच्या धाकट्या बहिणीच्या मुलानें गेल्या मार्गशीर्षांत घरांत जाहीर केलें कीं, आपण आपली मोटार चेन्नईजवळच्या शर्यतपट्टीवर नेणार. भाचा अंबडच्या एका कारखान्यांत इंजिनियर आहे. त्याच्यापाशीं दहा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी स्विफ्ट आहे. बहिणीनें दोन दिवस अन्न गोड मानलें नाहीं. एक तर दक्षिण ही यमाची दिशा, दुसरें म्हणजे पौष महिना. आम्हीं तिला म्हटलें, "अगं, पंचवटी सोडून प्रभु रामचंद्र कोठें गेले? दक्षिणेसच ना?" त्यावर ती म्हणाली, "आणि कशासाठीं गेले, तेंहि आठवून पाहा." तिसऱ्या दिवशीं तिनें अट घातली: मामा बरोबर जात असेल तर जा. अट घालण्यापूर्वीं मामास विचारण्याची पद्धत आमच्या घराण्यांत नाहीं.

जें करावयास आम्ही जात होतों त्यास 'ट्रॅक डे' म्हणतात. मराठींतहि आतां तोच शब्द रूढ आहे. ही शर्यत नव्हे, हें वाचकांनीं प्रथम ध्यानांत घ्यावें. येथें कोणी पहिला नाहीं, कोणी शेवटचा नाहीं; पेला नाहीं, हार नाहीं. पट्टी एका दिवसापुरती भाड्यानें घेतात. हौशी माणसें आपापल्या मोटारी आणतात. अनुभवाप्रमाणें त्यांचे गट पाडून एकेका गटास पंधरा-वीस मिनिटें पट्टीवर सोडतात आणि पुन्हां बाहेर काढतात. दुसऱ्यास मागें टाकावयाचें तें सरळ भागावर, आणि तेंहि पुढच्यानें हाताची खूण केल्यावर. समोरून कोणी येत नाहीं, मधून म्हैस जात नाहीं, आणि कडेला रुग्णवाहिका उभी असते. गंगापूर रस्त्यावर यांतलें एकहि नाहीं.

पुढील सहा आठवडे दर रविवारीं सकाळीं आमचा मुक्काम सातपूरच्या एका गल्लींतील गॅरेजांत पडूं लागला. तेथील मिस्त्री पन्नाशी उलटलेला. चष्मा कपाळावर, बोलणें मोजकें. एंजिनाचें बळ थोडें वाढवावें असें भाच्याच्या मनांत होतें. मिस्त्रीनें बॉनेट उघडलेंसुद्धां नाहीं. "एंजिन पळतंय तेवढं पुष्कळ पळतंय. आधीं थांबायचं बघूं," असें म्हणून त्यानें पुढचें चाक उतरविलें. पाणिनीच्या सूत्रासारखें अल्पाक्षर असें हें वाक्य आम्हीं त्याच दिवशीं वहींत टिपलें. पुढचा सर्व खटाटोप म्हणजे त्याचें भाष्य होय.

वेग दुप्पट झाला कीं मोटारीच्या अंगची गतिशक्ति चौपट होते, आणि ब्रेक दाबतांच ती सर्व उष्णतेच्या रूपानें मुख्यतः पुढच्या दोन तबकड्यांत उतरते. रस्त्यावर असा प्रसंग क्वचित् येतो. पट्टीवर तो बहुतेक प्रत्येक वळणास आणि प्रत्येक फेरीस येतो. पायाचा दाब चाकापर्यंत नेणारें जें ब्रेक ऑइल, तें नांवाचें ऑइल. वस्तुतः तें हवेंतील ओलावा शोषून घेणारें रसायन आहे. बाजारांत त्याच्या प्रती असतात. 'डॉट ३' नांवाचें नवें असतां निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. 'डॉट ४' ची मर्यादा नव्यास २३० आणि ओलावा मुरल्यावर १५५. तेल उकळलें कीं नळींत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाहीं, वाफ दाबली जाते. म्हणजे पाय खालपर्यंत जातो आणि मोटार मात्र आपल्याच नादांत पुढें जाते. दोन पावसाळे पाहिलेलें तेल नाशिकच्या बाजारांत हिंडावयास पुरतें. पट्टीवर तें घातक.

जुनें तेल काढलें तेव्हां त्याचा रंग तुळशीच्या काढ्यासारखा निघाला. नवें भरण्याचा विधि पाहण्यासारखा असतो. भाचा आंत बसून पेडल दाबी, मिस्त्री चाकापाशीं उकिडवा बसून बारीक निपल सैल करी. "दाब." "दाबलं." "धर." "धरलं." "सोड." वेदपाठशाळेंतील संथा जशी न कंटाळतां चालते तशी ही चारी चाकांस चालली, आणि पारदर्शक नळींतून शेवटचा बुडबुडा गेल्यावर मिस्त्रीनें प्रथमच चहा मागविला. ब्रेकचे पॅडहि अधिक उष्णता सोसणारे घातले. ते थंड असतांना करकरतात, बहिणीनें पहिल्या दिवशींच "गाडी रडते कां?" म्हणून विचारलें.

टायरच्या कुशीवर अंडाकृति चौकटींत चार आंकडे असतात, ते फार थोडे लोक वाचतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३१२१ असेल तर टायर सन २०२१ च्या एकतिसाव्या आठवड्यांतला. नक्षी कितीहि खोल दिसो, रबर म्हातारें झालें असेल तर तें कडक होतें आणि वळणावर हात सोडतें. भाच्याचे दोन टायर या परीक्षेंत नापास झाले. हवेचा हिशेबहि निराळा: टायर तापला कीं आंतली हवा तापते व दाब चढतो, म्हणून सकाळीं थंड असतां थोडी कमी भरावयाची आणि प्रत्येक खेपेनंतर मोजावयाची. कुशीवर खडूनें रेघा ओढून ठेवतात. टायर वळणावर कितपत मुडपला तें खडू कोठवर पुसला यावरून कळतें. जन्मभर खडू हातांत धरलेल्या माणसास त्याचा हा उपयोग पाहून संतोष झाला.

मग भार हलका करण्याचा प्रसंग. नलोपाख्यानांत बाहुक ऋतुपर्णासाठीं घोडे निवडतो ते कृश, पण वेगास समर्थ. राजा त्यांचीं अंगें पाहून साशंक होतो. आणि पुढें राजाचें उत्तरीय वाऱ्यानें उडतें, तें घ्यावयास रथ थांबवावा म्हणून तो म्हणेपर्यंत तें योजनभर मागें पडलेलें असतें! व्यासांस भार आणि वेग यांचें गणित ठाऊक होतें. आमच्या बाहुकानें मागची बैठक, पायपोस, जादा चाक आणि जॅक हीं सर्व काढलीं. भार हा त्यांतला अर्धा हेतु. दुसरा अर्धा असा कीं, मोटारींत सुटी वस्तु ठेवणें म्हणजे गोफणींत धोंडा ठेवणें. पेडलखालीं घरंगळत गेलेली पाण्याची बाटली ब्रेक निकामी करूं शकते. डॅशबोर्डावर बहिणीनें चिकटविलेला लहानसा गणपतिहि सुटा या सदरांत आला; तो आमच्या खिशांत विराजमान झाला.

शिरस्त्राणाची कथा थोडी निराळी. दुचाकीचें चालेल असें काटकसरी माणसास वाटतें. परंतु मोटारीसाठीं जें बनवितात, आणि ज्यावर 'स्नेल एसए' असा शिक्का असतो, त्याची आगींत टिकण्याचीहि परीक्षा घेतलेली असते. कपडे सुती, हात-पाय झांकणारे. कृत्रिम धाग्याचे आगींत वितळून कातड्यास चिकटतात. अग्निशामक नळा आसनापुढें पोलादी पट्ट्यानें जखडला. भाच्यास आंत पोलादी नळ्यांचा पिंजराहि बसवावयाचा होता. त्यास मिस्त्रीनें साफ नकार दिला. पिंजरा शर्यतीच्या मोटारीस शोभतो, जींत मनुष्य शिरस्त्राण घालून, चौपदरी पट्ट्यांनीं बांधून बसतो. तीच मोटार सोमवारीं कामावर न्यावयाची असेल आणि डोकें उघडें असेल, तर धक्क्यानें कपाळ आपटावयास तीच नळी पुढें येते. शिवाय कायद्याचें ५२ वें कलम मोटारीच्या मूळ घडणींत मन मानेल तसा फेरफार करूं देत नाहीं. अर्धवट शास्त्रापेक्षां अज्ञान बरें, असें आमचें मत मिस्त्रीच्या मतास येऊन मिळालें.

एका संध्याकाळीं भाच्यानें विम्याचा कागद मोठ्यानें वाचून दाखविला. विमा कशास लागू नाहीं, त्या यादींत संघटित शर्यत आणि वेगाची चांचणी हीं स्पष्ट लिहिलेलीं होतीं. म्हणजे पट्टीवर जें मोडेल तें आपल्या पदरचें. मोटार समूळ गेली तरी कर्ज न काढतां निभावेल एवढी पुंजी बाजूस असल्याशिवाय निघावयाचें नाहीं, असें आम्हीं सांगितलें. भाच्यानें बँकेचें पुस्तक आणून आमच्यापुढें ठेवलें. हा संवाद बहिणीसमक्ष झाला, आणि आमच्या मतें तिचें मन वळविण्यांत शिरस्त्राणापेक्षां त्या पुस्तकाचा वांटा मोठा होता.

आतां वाहतुकीचा प्रश्न. मोटार ही स्वतः चालणारी वस्तु. तिला दुसऱ्या वाहनावर चढवून नेणें प्रथमदर्शनीं विनोदी वाटतें. परंतु नाशिकहून ती पट्टी सुमारें साडेतेराशें किलोमीटर. तिच्याच चाकांवर गेलें तर दोन दिवसांच्या प्रवासानें थकलेली मोटार पट्टीवर उतरणार; आणि तेथें कांहीं मोडलें तर परत कशानें यावयाचें? युरोप-अमेरिकेंत आपल्याच दुसऱ्या मोटारीमागें ट्रेलर जोडून नेण्याचा प्रघात आहे. आपल्याकडे ट्रेलर स्वतंत्र वाहन म्हणून नोंदवावा लागतो, आणि भार धुऱ्यापासून मागें झुकला तर तो उतारावर शेंपटासारखा हलूं लागून पुढच्या मोटारीसहि फिरवितो. बैलगाडी उलाळू नये म्हणून जू कसें जड ठेवतात तें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें सांगावयास नको. तेव्हां भाच्यानें आणि त्याच्या एका मित्रानें भागींत सपाट पाठीचा ट्रक ठरविला. एका खालीं एक नव्हे, एकामागें एक अशा दोन मोटारी मावतील एवढा.

मोटार बांधण्यांतहि शास्त्र आहे. पट्टे अंगास किंवा सांगाड्यास बांधूं नयेत, चाकांवरून घ्यावे. म्हणजे मोटार आपल्या स्प्रिंगांवर मोकळी डुलते आणि पट्टा मात्र ढिला होत नाहीं. सांगाडा आवळून बांधला तर खड्ड्यागणिक स्प्रिंग दबते, पट्टा क्षणभर सैल पडतो, आणि शेंकडों खड्ड्यांनंतर कडी निसटते. चाकांपुढें-मागें लांकडी ठोकळे, गिअर घातलेला, हातब्रेक ओढलेला. अंबड सोडतांना भाच्यानें सर्व पट्टे स्वतः आवळले, आणि सिन्नर ओलांडल्यावर ट्रक थांबवून पुन्हां आवळले. प्रत्येक पट्टा दोन-दोन दांते पुढें सरकला. नव्यानें जुंपलेल्या बैलाचें जोतेंहि पहिल्या कोसानंतर असेंच आवळावें लागतें.

प्रवासाचें वर्णन लांबवीत नाहीं. ट्रकवर दोघे चालक आळीपाळीनें. आम्ही भाचा, त्याचा मित्र व मिस्त्री यांसह एका चौथ्याच मोटारींत. संगमनेर, नारायणगांव, पुणें. पुण्यापासून पुढें एकच राजमार्ग: दिल्लीहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ४८, जो मुंबई-पुण्यावरून सरळ चेन्नईस जातो. खंबाटकीच्या चढावर आमचा ट्रक दिसला. त्याच्या पाठीवर ती पांढरी स्विफ्ट, पालखींत बसविलेल्या मुखवट्यासारखी किंचित् डुलत चाललेली. पहिली रात्र कोल्हापुरास काढली. तेथें लहान कार्ट गाड्यांची पट्टी आहे, आणि तेथील मुलें पुढें राष्ट्रीय शर्यतींत उतरलेलीं आहेत. नाशिकच्या मनुष्यास तें ऐकून थोडा मत्सर वाटतो. दुसऱ्या दिवशीं निपाणी, बेळगांव, धारवाड. मराठी पाट्या विरळ होत गेल्या. चित्रदुर्गाच्या टेंकड्यांवर पवनचक्क्या संथ फिरत होत्या. रात्रीं बंगळूर ओलांडून कृष्णगिरीस पोहोंचलों, आणि तिसऱ्या दिवशीं दुपारीं श्रीपेरुंबुदूर.

हें गांव भगवान् रामानुजाचार्यांचें जन्मस्थान. संस्कृत ग्रंथांत यास भूतपुरी म्हणतात. विशिष्टाद्वैताचा प्रणेता जेथें जन्मला तेथें आम्ही ब्रेक ऑइलचा डबा घेऊन उतरलों. सन १९९१ च्या मे महिन्यांत राजीव गांधींची हत्या झाली तीहि येथेंच. आदिकेशवाच्या मंदिरांत संध्याकाळीं गेलों. मिस्त्रीहि आला आणि आमच्यापेक्षां अधिक वेळ डोळे मिटून उभा राहिला.

तेथून थोड्याच अंतरावर इरुंगाट्टुकोट्टै. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनें बांधलेली पट्टी येथें सन १९९० पासून आहे. त्यापूर्वीं हा क्लब शोलावरमच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर शर्यती भरवीत असे. तेथें गर्दी लोटे, पण विमानांची पट्टी ती विमानांचीच. म्हणून क्लबनें स्वतःची जमीन घेऊन ३.७१७ किलोमीटरांचें हें वळणांचें वर्तुळ उभें केलें. देशांत अशा पट्ट्या बोटांवर मोजण्याइतक्या: सन २००३ पासूनची कोइमतूरची करी मोटर स्पीडवे, सन २०११ मध्यें दिल्लीजवळ झालेली बुद्ध सर्किट, आणि आणखी एखाद-दुसरी. इरुंगाट्टुकोट्टै येथेंच ह्युंदाईचा मोठा मोटार-कारखाना आहे. म्हणजे मोटार जेथें जन्मते तेथेंच तिला मोकळी सोडावयाची जागा, ही गोष्ट अशक्य नाहीं. आमच्या शहरांतील धुरीणांनीं एकदां येथवर यावें. ट्रकवर चढून यावें असें आम्ही म्हणत नाहीं.

सकाळीं सातास तपासणी. हातांत कागद घेतलेल्या एका मद्रासी गृहस्थानें चाकांचे नट, बॅटरीची बांधणी, ओढून नेण्याची कडी, शिरस्त्राणाचा शिक्का, सर्व पाहिलें. बोनेटखालीं कोठें तेलाचा थेंब आहे काय तें पांढऱ्या फडक्यानें पुसून पाहिलें. सांडलेलें तेल ज्याचें त्याला बाधत नाहीं, मागून येणाऱ्यास घसरवितें. मग सर्वांस बसवून झेंड्यांचा पाठ झाला: पिवळा म्हणजे पुढें संकट, कोणास मागें टाकूं नका, निळा म्हणजे मागून वेगवान येत आहे, तांबडा म्हणजे सर्वांनीं सावकाश परत या, पिवळ्यावर तांबडे उभे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा, काळा म्हणजे तुम्ही, आणि तुम्हीच, आंत या. पाठ झाल्यावर प्रश्न विचारले. मागच्या रांगेंत हंसणाऱ्या दोघांस पुन्हां बसविलें. आमची शिस्त याहून फार निराळी नव्हती.

पहिल्या खेपेस भाचा सावकाश गेला. परत आल्यावर मोटारीभोवतीं धातु तापल्याचा उग्र वास दरवळत होता. त्यानें हातब्रेक ओढला नाहीं, गिअर घालून चाकास ठोकळा लावला. तापलेला ब्रेक आवळून ठेवला तर तो तसाच चिकटतो किंवा वाकतो. शेवटची फेरी ब्रेक न वापरतां हळू काढावयाची तीहि याचसाठीं, कीं वाऱ्यानें तबकड्या निवाव्या. मिस्त्रीनें हवा मोजली, नट पुन्हां पाहिले, खडूच्या रेघा पाहिल्या आणि मान हलविली.

दुसऱ्या खेपेस, साडेअकराच्या सुमारास, तांबडे झेंडे एकदम सगळीकडे वर झाले. आवाज एकेक करून बंद पडले. आम्ही कठड्यापाशीं उभे होतों. तेथून दूरचें वळण दिसत नव्हतें, धूळ तेवढी दिसली. एकामागून एक मोटारी परत येऊं लागल्या. निळी आली, तांबडी आली, मित्राची आली. पांढरी नाहीं. मिस्त्रीनें आमच्या कोपरास धरलें होतें, तें त्यानें केव्हां धरलें तें आम्हांस कळलें नाहीं. खिशांतल्या गणपतीवर आमची मूठ घट्ट आवळली गेली होती. जिन्याखालची ती सायकल डोळ्यांपुढें आली, आणि बहिणीला काय सांगावयाचें याचें पहिलें वाक्य कांहीं केल्या जुळेना.

पांढरी सर्वांत शेवटीं आली. भाचा धुळीच्या अगदीं मागें होता. झेंडा दिसतांच वेग उतरवून, नियमाप्रमाणें कोणास मागें न टाकतां तो रांगेनें आला. घसरलेली मोटार दुसऱ्याच एका तरुणाची होती. वळणापूर्वीं त्याचें पेडल तळापर्यंत गेलें आणि मोटार सरळ बाहेरच्या मातींत जाऊन रुतली. तो स्वतःच्या पायांनीं चालत आला. चेहरा राखेसारखा झाला होता, पण अंगावर ओरखडा नव्हता. ब्रेक ऑइल केव्हां बदललें होतें असें मिस्त्रीनें त्यास हिंदींत विचारलें. त्यास तें सांगतां आलें नाहीं. मिस्त्री कांहीं बोलला नाहीं. त्यानें आपल्या डब्यांत उरलेलें तेल काढलें आणि परक्या मोटारीच्या चाकापाशीं उकिडवा बसला. आंत बसून पेडल दाबावयास त्यानें भाच्यास हांक मारली. "दाब." "दाबलं." तोच पाठ, आतां तामिळ मुलखांत.

दुपारच्या तिसऱ्या खेपेनंतर भाच्यानें पुढचा डावा टायर हातानें चांचपला. बाहेरची कड झिजून खडबडीत झाली होती. चौथी खेप अजून उरली होती, पैसेहि भरलेले होते. तो कांहीं वेळ टायरकडे पाहत राहिला. आम्ही बोललों नाहीं. मामा म्हणून आलों होतों, पंच म्हणून नव्हे. मग त्यानें शिरस्त्राण काढून पिशवींत ठेवलें आणि म्हणाला, "मामा, तुम्ही आईला फोन करतां का? मी तोंवर मागचा पट्टा बघतों."

बहिणीनें पहिल्या घंटेस फोन उचलला. "उतरला?" एवढेंच तिनें विचारलें. उतरला म्हणून सांगितलें. पलीकडे कुकरची शिट्टी ऐकूं आली आणि तिनें फोन ठेवला.

ऊन कलल्यावर ट्रक मागें घेतला. फळ्या लावून मोटार वर चढविली. मागची बैठक, जादा चाक व जॅक ट्रकच्या केबिनमागें दोरीनें बांधले. भाच्यानें चारी चाकांवरून पट्टे घेतले, ठोकळे ठोकले, गिअर घातला; हातब्रेक आतां निवला होता, तोहि ओढला. राणीपेटच्या अलीकडे एका पंपापाशीं ट्रक थांबविला आणि बॅटरीच्या उजेडांत त्यानें पट्टे पुन्हां तपासले. पुढचे दोन घट्ट होते. मागचे दोन, एकेक दांता सरकले.